मुंशीजींना जेवायला बोलावणं

बंडू गेल्यावर कितीतरी आठवडे आम्ही तिघंही स्वयंपाकघराच्या दारातून जाताना पाय उंच उचलत होतो. तो तिथेच आडवा पडलेला असायचा, उन्हाळ्यात फरशीच्या गारव्याला आणि हिवाळ्यात शेगडीच्या उबेला. हाकललं तरी एक डोळा किलकिला करून पुन्हा मिटायचा, त्यामुळे त्याच्यावरून पाय टाकून जायची सवय आमच्या अंगात मुरलेली. कुत्रा गेला, सवय राहिली. बाबा डबा घेऊन घाईनं ऑफिसला निघायचे तेव्हाही त्या जागी त्यांचा पाय आपोआप वर जायचा. एकदा शेजारच्या आंटी साखरेची वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत आई आत गेली, पाठोपाठ मी गेले, आणि त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "यहाँ फर्श टूटा है क्या?" आईनं वळून खाली पाहिलं, जणू तिलाही आत्ताच कळत होतं, आणि म्हणाली, "नहीं, ठीक है." त्यानंतरही आम्ही पाय उचलतच राहिलो. आंटींनी मात्र आमच्या स्वयंपाकघरात यायचं सोडलं. साखर, दही, काय असेल ते त्या बाहेरच्या खोलीतूनच द्यायच्या.

आम्ही लखनौत मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पुढे चार झेंडूच्या कुंड्या, मागे परसात एक पेरूचं झाड, त्याच्या पलीकडे भिंत आणि भिंतीच्या पलीकडे कुठेतरी रूळ. बाबा इंजिनिअर होते. डब्यांची चाकं कुठल्या वेगाला किती थरथरतात हे मोजणं त्यांचं काम, आणि घरीही पंख्याचा आवाज जरा बदलला की ते मान वर करून ऐकत बसायचे. आई कराडची. लग्न होऊन लखनौला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं आणि मी अकरावीत जाईपर्यंतही तिचं हिंदी बाजारापुरतंच होतं, 'भैया, ये कैसा दिया' एवढं. घरात ती मराठीच बोलायची. मला सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीत यायचं. तसंच होतं आमच्याकडे, कॉलनीतल्या आणखी दोन-तीन मराठी घरांतही तसंच. मी तिला मम्मी म्हणायचे. बाबा दिवसभर ऑफिसात. त्यामुळे आईचं मराठी पूर्ण ऐकून घेणारा आणि त्याप्रमाणे वागणारा एकटा बंडूच होता. त्याला हिंदीत 'बैठो' म्हटलं तर तो उभाच राहायचा. आईनं नुसतं "काय रे?" म्हटलं की खाली बसून शेपटी आपटायचा. सकाळी कणीक मळताना ती त्याला कराडच्या गोष्टी सांगायची, मावशीचं गुडघ्याचं दुखणं, कोणाकडे कोण आलं, आणि तो तोंड वर करून ऐकायचा.

तो म्हातारा होऊन गेला, मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, त्यात कोणाचा काही दोष नव्हता. पण तो गेला आणि आई बोलायची थांबली. रुसली वगैरे नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची. बोलायला सुरुवात मात्र तिच्याकडून होईना. त्या वर्षी धुकं लवकर आलं. सकाळी उठून पाहावं तर पेरूचं झाड नाही, भिंत नाही, खिडकीला पांढरं फडकं लावल्यासारखं. धुक्यात सिग्नल दिसत नाही म्हणून रेल्वेवाले रुळांवर फटाके बांधतात. इंजिन त्यावरून गेलं की धडाम आवाज होतो आणि पुढे सिग्नल आहे हे ड्रायव्हरला समजतं. त्या पांढऱ्या शांततेत कुठून तरी लांबून तसा आवाज यायचा, आई दचकून दाराकडे बघायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची. शेवटची, छोटी, बिनमिठाची पोळी ती रोज लाटायची. ती कोणासाठी, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. संध्याकाळी ती पोळी डब्यात नसायची.

कॉर्गी जातीच्या एका कुत्र्याचा फोटो मला फोनवर दिसला. शहरात काही लोक मिळून बेवारशी आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी घरं शोधत, त्यांनी टाकला होता. लांबलचक अंग, कोल्ह्यासारखं तोंड, वटवाघळासारखे कान आणि वीतभर पाय. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "याचा व्हीलबेस जास्त आहे आणि खाली क्लिअरन्सच नाही. वळणावर अडकेल हा." आईनं फोनकडे पाहिलं आणि मान फिरवली. "आता कोणी नको," एवढंच. मग आठ-दहा दिवसांनी, मी अभ्यास करत होते आणि ती मटार सोलत होती, तेव्हा खाली बघतच तिनं विचारलं, "त्या आखूड पायवाल्याचं काय झालं गं?"

"पता नहीं मम्मी. देखूँ?"

"बघ."

त्याला अजून कोणी घेतलं नव्हतं. अर्ज भरायचा होता. घर कसं आहे, गच्ची आहे का, दिवसा घरी कोण असतं, असे बरेच प्रश्न, आणि एक असा की तुमच्याकडे आधी कुत्रा होता का, असल्यास त्याचं काय झालं. मी वाचून दाखवलं. आईनं मटाराची परात बाजूला ठेवली आणि सांगायला लागली. बंडू पिल्लू असताना दुधाच्या पातेल्यात कसा पडला होता इथपासून ते शेवटच्या सकाळी तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यानं तिच्या मनगटावर एकदा जीभ फिरवली इथपर्यंत. इतके दिवस साठलेलं सगळं मराठी त्या एका प्रश्नाला बाहेर आलं. मी अर्जात लिहिलं, 'आधी कुत्रा होता, वयोमानाने गेला.' एवढीच जागा होती. ती मला म्हणाली, "सगळं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "हाँ, लिख दिया."

घर बघायला त्या मंडळींपैकी अर्चना दीदी आल्या. स्कूटरवरून आल्या होत्या, भुवयांवर धुक्याचे थेंब. घर फिरून पाहिलं, परसातली भिंत हातानं चाचपली, मग आईनं केलेले पोहे पुढ्यात घेऊन बसल्या, पण खाईनात. मग म्हणाल्या, "एक बात पहले बता दूँ. दो घर से वापस आ चुका है ये."

"काटता है?" बाबांनी विचारलं.

"नहीं अंकल. काटता-वाटता नहीं. खाना नहीं खाता."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. लखनौच्याच महानगर नावाच्या भागात एका जुन्या बंगलीत एक बाई एकट्या राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा कधीच गेलेला, एक मुलगी, ती परदेशात. हा कुत्रा मुलीनंच त्यांना सोबतीला आणून दिलेला. घरभर फिरून सगळ्यावर देखरेख करतो म्हणून त्यांनी त्याचं नाव मुंशी ठेवलं होतं, आणि त्याला त्या 'आप' म्हणायच्या. एका सकाळी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. दूधवाल्यानं जाळीतून पाहिलं तेव्हा मुंशी त्यांच्या पायाशी बसलेला होता आणि बाजूला त्याची थाळी भरलेली, न शिवलेली. त्यानंतर तो जेवेना. अर्चना दीदींनी सलाइन लावलं, हातानं भरवून पाहिलं, चिकन दिलं, काही नाही. शेवटी मुलीला फोन केला. तिच्याकडे आईचा एक जुना, रेकॉर्ड झालेला आवाज होता, फोनवर बोलता बोलता मुंशीला जेवायला बोलावलं होतं तेवढाच तुकडा. तो लावला आणि मुंशी उठला, थाळीपाशी गेला आणि जेवला. "तब से वही चलाना पड़ता है. दोनों टाइम. पहले वाली फैमिली एक हफ्ते में दे गई. भाभी कहती थीं, ऐसा लगता है घर में कोई औरत आ गई है."

बाबा माझ्याकडे आणि मी बाबांकडे बघत होतो. आईला एवढं सगळं हिंदी कळलं की नाही असा मला प्रश्न पडला. पण ती उठून उभी राहिली होती. "ले आओ," ती म्हणाली. "हमारे पास लाओ उसको. भूखा नहीं रखेंगे."

तो आला, दारातून आत शिरला, एकेक खोली हुंगत स्वयंपाकघरापाशी पोचला आणि थांबला. मग त्या दाराच्या मधून न जाता, चौकटीला अंग घासत, कडेकडेनं आत गेला. आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं. बाबा म्हणाले, "ओल असेल तिथं," आणि वाकून फरशीला हात लावून पाहिला. कोरडी होती.

पहिल्यांदा फोन मी ओट्यावर ठेवला. आईनं दलिया आणि उकडलेला दुधी थाळीत घातला आणि खाली ठेवला. मी बटण दाबलं. चमचा वाटीवर दोनदा वाजला. मग एक बारीक खोकला. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, पातळ, नीटनेटका, शेवटचा शब्द थोडा वर उचलणारा, "आइए मुंशीजी, तशरीफ लाइए. ठंडा हो रहा है." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. शिट्टी अर्धी होते न होते तोच ते तुटायचं. मुंशी आला आणि खायला लागला. आईचा हात मात्र शेगडीच्या बटणावर गेला होता. आमच्या गॅसवर कुकर नव्हताच. तिनं ते बंद असलेलं बटण आणखी घट्ट फिरवलं आणि हात पदराला पुसला.

मग रोज दोन वेळा आमच्या स्वयंपाकघरात महानगरच्या त्या घरातला कुकर वाजायला लागला. जेवून झालं की मुंशी फोनच्या मागे जाऊन हुंगायचा, नंतर बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीसमोर बसायचा. त्या खुर्चीत कोणी बसलेलं नसायचं. कोणी बसलं तर उठून दुसऱ्या खुर्चीसमोर जायचा.

बाबांनी एक योजना काढली. आवाज रोज थोडा थोडा कमी करायचा आणि आईनं त्याच्याबरोबर तेच शब्द म्हणायचे. हळूहळू फोन गप्प होईल आणि आईचा आवाज राहील. त्यांच्या दृष्टीनं ते सोपं होतं, एक कंपन उतरवायचं आणि दुसरं चढवायचं. आई तयार झाली. पहिल्या दिवशी तिनं कराडी हेल काढून "आइये मुंशीजी" म्हटलं तेव्हा मला हसू आलं, मुंशीनं तर कानही हलवला नाही. पण आई चिवट होती. दुपारी मी क्लासला जायचे तेव्हा ती माझा फोन मागून घ्यायची आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. 'तशरीफ'मधला फ तिला जमत नव्हता, मग जमायला लागला. शेवटचा शब्द वर उचलणं जमलं. चमचा दोनदा वाजवणं तर सोपंच होतं. खोकल्याशिवाय तो येत नाही असं तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं खोकलाही घेतला.

मुंशीनं आईच्या आवाजावर यावं अशी योजना होती. झालं उलटं. आई त्या आवाजावर गेली.

सुरुवातीला ते थाळीपुरतं होतं. मग एक दिवस भाजीवाल्याला ती म्हणाली, "भैया, जरा ताजा वाला दीजिएगा," आणि तो तराजू हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग आमटीतला गोडा मसाला बंद झाला आणि लसूण-जिऱ्याची फोडणी आली. मला ती आवडायची म्हणून मी काही बोलले नाही. दुपारी धुकं उतरून फिकट ऊन पडलं की ती परसात खुर्ची टाकून बसायची, एक हात खुर्चीखाली सोडलेला, आणि त्या हाताखाली मुंशीचं डोकं. तशी ती पूर्वी कधी बसत नसे, तिला दुपारी हातात काहीतरी निवडायला लागायचं. खोकला तिला तेव्हा झालेला नव्हता, तरी बोलण्याआधी तो यायचा. एकदा मावशीचा कराडहून फोन आला. आईनं उचलून "जी, फरमाइए" म्हटलं. पलीकडून मावशीनं फोन ठेवून दिला. मग माझ्या फोनवर लावला आणि विचारलं, "तुमच्याकडे कोण बाई राहायला आली आहे गं? आई कुठाय तुझी?" मी म्हटलं, "मम्मी ही थीं, मौसी." मावशी म्हणाली, "तिला म्हणावं, फोन कर. तिनं स्वतः करावा."

माझ्या जुन्या फोनमध्ये महानगरच्या त्या बाईंचा आवाज अजून आहे. तो फोन चालू होतो की नाही हे मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही. माझ्या आईचा आवाज मात्र माझ्याकडे एकही नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि पुढे सुचायच्या आत ती गेली.

एका दुपारी थंडीमुळे क्लास लवकर सुटला. धुकं असं होतं की कॉलनीच्या फाटकापासून आमच्या क्वार्टरपर्यंत मी भिंतीला हात लावत आले. दार ढकललं आणि आतून आवाज आला. चमचा दोनदा. खोकला. "आइए मुंशीजी, तशरीफ लाइए." खुर्ची सरकली. कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं आईनं फोन लावलाय. मग ती शिट्टी पूर्ण झाली, अर्धी तुटली नाही, आणि माझ्या लक्षात आलं की फोन तर आज माझ्याबरोबरच, दप्तरात आहे. मी दारात उभी राहिले. आई माझ्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभी होती, मुंशी जेवत होता, आमचाच कुकर आमच्याच गॅसवर होता. भिण्यासारखं काही नव्हतं. तरी मला आत पाऊल टाकवेना. मी "मम्मी" म्हटलं. ती वळली नाही. मोठ्यानं पुन्हा म्हटलं. पाठमोरीच, त्या पातळ नीटनेटक्या आवाजात ती म्हणाली, "आ गईं आप? हाथ-मुँह धो लीजिए. ठंडा हो रहा है."

मला माझ्या आईनं जन्मात कधी 'आप' म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "आई," मी म्हटलं, "आई, इकडे बघ ना. असं नको बोलूस."

तिची पाठ थोडी हलली. ती वळली तेव्हा चेहरा तिचाच होता, कपाळावर वाफेचे थेंब. "कसं बोलले मी?" तिनं विचारलं. मग माझ्याकडे बारकाईनं बघत म्हणाली, "तू मराठीत बोललीस?"

त्या रात्री जेवताना मी तिच्याशी मराठीत बोलत राहिले. चुकत होते, बाबा हसत होते, ती मात्र प्रत्येक शब्द तपासून घ्यावा तशी ऐकत होती. मला वाटलं, संपलं. पण सकाळी थाळी ठेवताना खोकला आला तो तोच. त्याशिवाय मुंशी जेवत नव्हता, आणि आईनं त्याला उपाशी ठेवणार नाही असं सांगितलं होतं.

जानेवारीत अर्चना दीदींचा फोन आला. त्या बाईंची मुलगी नीलम लखनौला आली होती, महानगरचं घर विकायला. मुंशी कायमचा आमच्याकडे ठेवायचा तर तिला एकदा त्याला पाहायचं होतं. तो खातोय ना, एवढंच तिला बघायचं होतं, नसेल तर ती दुसरं काही बघणार होती. बाबांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्यासमोर फोन लाव. तू नको बोलावूस. आई होती ती त्यांची." आई म्हणाली, "कळतं मला."

नीलम आंटी दुपारी आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. कोट असा लोंबत होता की तो दुसऱ्या कोणाचा असावा असं वाटलं. मुंशीनं त्यांना ओळखलं की नाही सांगता येत नाही. तो त्यांच्या मागे गेला आणि टाचांना नाक लावून त्यांना पुढे ढकलायला लागला, गुरं हाकतात तसा, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या बाजूला. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला आणि खुर्चीत बसल्या. पोहे, बिस्किटं, काही घेतलं नाही, चहाचा कप फक्त हातात धरून ठेवला. "आजकल मुझसे खाया नहीं जाता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ये खाता है?"

"खाता है," आई म्हणाली. "अभी टाइम हुआ है."

मी फोन काढला. त्यांनी लगेच हात वर केला. "वो मत चलाइएगा, प्लीज. भेज तो दिया था, पर खुद फिर कभी नहीं सुना. मैं बाहर चली जाती हूँ, फिर आप..."

"नहीं लगाते," आई म्हणाली. "आप बैठो."

आई आत आली, पाठोपाठ मी आणि मुंशी. तिनं थाळी भरली, खाली ठेवली आणि हळूच, अगदी आपल्या आवाजात म्हणाली, "ये रे." मुंशी तिच्याकडे बघत बसला. "ये, जेव." तो हलला नाही. बाहेरून नीलम आंटींचा आवाज आला, थकलेला, "नहीं खा रहा न? कोई बात नहीं, मैं अर्चना से बात कर लेती हूँ..." आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं ओट्यावरची वाटी घेतली, चमचा दोनदा वाजवला, खोकली आणि म्हणाली, "आइए मुंशीजी, तशरीफ लाइए. ठंडा हो रहा है."

मुंशी जेवायला लागला. बाहेर कप बशीवर आपटला. बाबांनी "सुनिए" असं काहीतरी म्हटलं, पण तोवर नीलम आंटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. आईकडे, तिच्या कुंकवाकडे, तिच्या पिठाच्या हातांकडे बघत होत्या.

"फिर से कहिए," त्या म्हणाल्या.

आईनं पुन्हा म्हटलं.

"मुझे," त्या म्हणाल्या. "मुझे बुलाइए."

बाबा त्यांच्या मागे उभे होते आणि मान हलवून आईला नको म्हणत होते. आईनं बाबांकडे पाहिलंच नाही. तिनं शांतपणे ताट घेतलं, भात वाढला, त्यावर मटारची उसळ, बाजूला थालीपीठ, आणि ते लहान टेबलावर ठेवलं. मग त्या आवाजात म्हणाली, "आ जाइए मुनिया. बैठिए. ठंडा हो रहा है."

नीलम आंटी आल्या, बसल्या आणि कोट न काढताच जेवायला लागल्या. हातानं, भराभर, मान खाली घालून. खाली मुंशी जेवत होता, वर त्या जेवत होत्या, दोघांचा चावण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि आई भिंतीला टेकून, हात पोटाशी घेऊन, दोघांवर लक्ष ठेवून उभी होती. ती तेव्हा कोण होती हे मला आजही सांगता येणार नाही. मी तिच्या जवळ जाऊन तिचा पदर धरला, लहान असताना धरायचे तसा. तिनं पाणी ओतून नीलम आंटींपुढे पेला सरकवला. ताट पूर्ण स्वच्छ झालं.

जाताना त्यांनी फाटकापाशी आईचे दोन्ही हात धरले. मुंशी आमच्याकडेच राहील, म्हणाल्या. धुक्यात रिक्षा दिसत नव्हती, नुसती तिच्या इंजिनाची फडफड ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, "एक बात कहूँ? अम्मा मुझे मुनिया नहीं कहती थीं. पूरा नाम लेती थीं, हमेशा."

बाबा घाईघाईनं म्हणाले, "माफ कीजिएगा, इनको..."

"नहीं, नहीं," त्या म्हणाल्या. "नाम मेरा नहीं था. फिर भी उठकर चली आई मैं." आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेल्या.

संध्याकाळी आईचा घसा बसला होता. मुंशीची थाळी तिनं नेहमीच्या जागी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे बघ बाबा, आज माझ्यात ताकद नाही. जेवायचं तर जेव." मी फोन हातात तयार ठेवला होता. मुंशीनं दाराकडे पाहिलं, बराच वेळ. मग आईकडे पाहिलं. आई पाठ फिरवून भांडी घासायला लागली, आणि नळाच्या आवाजात कधीतरी त्याच्या चाटण्याचा आवाज यायला लागला. तिनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. तो आवाज आईच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही, खोकलाही नाही. मावशीला तिनं स्वतः फोन केला आणि दोघी तासभर बोलत बसल्या.

पण मला काही दिवस चैन नव्हतं. एका सकाळी ती पोळ्या लाटत होती, मुंशी तिच्या पायांना टेकून बसला होता, आणि मी माझ्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, त्या परत आल्या तर?"

"कोण?" तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली. "लेक, का तिची आई?"

मी खाली वाकून मुंशीच्या कानामागे हात फिरवला.

"कोणी का येईना," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय नाही पाठवायची मी."